जुन्या बंदुकीचा रंग : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

पावसाळा सरला की मुंबईतल्या घराघरांतून बंद पेट्या आणि कपाटे उघडली जातात, आणि जुन्या वस्तूंना या चार महिन्यांत काय झाले ते पाहून वाचक या सदराकडे पत्रे पाठवू लागतात. या वेळी त्यांत वडिलोपार्जित बंदुकांविषयीची पत्रे बरीच आहेत आणि त्यांतले बहुतेक प्रश्न रंगाचे आहेत : नळीचा उडालेला काळा-निळा रंग, दस्त्याचे गेलेले तेज, निघू लागलेला निकेलचा मुलामा. म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पुढील प्रत्येक उत्तरात बंदूक परवान्याची आहे आणि ती रिकामी असल्याची खात्री जाणकाराने केलेली आहे असे गृहीत धरले आहे. या दोन गोष्टी झालेल्या नसतील, तर रंगाचा विचार नंतर करावा.

प्रश्न : आजोबांची १२ बोअरची इंग्लिश दुनळी बंदूक वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली. हात लागण्याच्या जागी नळ्यांचा निळसर काळा रंग उडून करडे-तपकिरी पट्टे पडले आहेत. अ‍ॅक्शनवर (नळ्यांच्या मागचा, यंत्रणा बसवलेला धातूचा भाग) पूर्वी निळ्या-जांभळ्या-पिंगट रंगांची सरमिसळ होती असे वडील सांगत. ती आता जेमतेम दिसते. ओळखीच्या एका कारखानदारांनी सगळे भाग बफ करून (फिरत्या कापडी चाकावर घासून) ‘हॉट ब्ल्यूइंग’ (गरम द्रावणात धातूवर काळा-निळा रंग चढवणे) करून देण्याची तयारी दाखवली आहे. बंदूक नव्यासारखी दिसेल असे ते म्हणतात. करून घ्यावे का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : कृपया करून घेऊ नये. ‘जुने ते जपावे’ या भावनेपोटी मी हे सांगत नाही. आपल्या बंदुकीच्या बांधणीलाच या प्रक्रियेने धोका आहे.

जुन्या इंग्लिश दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधली पट्टी, म्हणजे रिब, बहुधा शिसे आणि कथील यांच्या डाखाने जोडलेली असते. हॉट ब्ल्यूइंगमध्ये कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या १३५ ते १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात धातू बुडवून ठेवतात. एवढ्या उष्णतेने डाख वितळत नाही. तो साधारण १८३ अंशांच्या पुढे वितळू लागतो. परंतु कॉस्टिक त्यातल्या शिशाला आणि कथलाला खाते, आणि रिबच्या खाली जी बारीक पोकळी असते तिच्यात हे क्षार शिरून बसतात. पुढे कितीही धुतले तरी ते तिथून पूर्णपणे निघत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत ते ओलावा ओढून घेतात, आतून गंज सुरू होतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी रिबच्या कडेने पांढरट पाझर दिसू लागतो. कधी रिबच सुटते. कारखान्यात तयार होणाऱ्या आधुनिक एकनळी रायफलीला हीच प्रक्रिया उत्तम चालते. म्हणजे तो कारखानदार खोटे बोलत आहे असे नाही. त्याचा अनुभव वेगळ्या धातूचा आणि वेगळ्या बांधणीचा आहे.

दुसरा धोका बफच्या चाकाचा आहे. रंग चढवण्यापूर्वी धातू गुळगुळीत करावा लागतो, आणि कापडी चाकावर तो घाईने घासला की कोरीव कामाच्या रेषा उथळ होतात, सपाट बाजूंच्या धारदार कडा गोल होतात, आणि स्क्रूच्या भोवती बशीसारखा खळगा पडतो. एकदा डोळ्यांना सवय झाली की अशी ‘नवी केलेली’ बंदूक दुरूनही ओळखू येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळ्यांच्या खालच्या अंगाला लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ साली स्थापन झाले, लंडनचे त्याच्याही पुष्कळ आधीचे आहे. प्रत्येक काळात हे ठसे बदलत गेल्यामुळे नळी कोणत्या काळात तपासली गेली आणि ती काळ्या दारूसाठी तपासली की नंतरच्या धूरहीन दारूसाठी, हे त्यांवरून कळते. पुष्कळ बंदुकांच्या रिबवर विक्रेत्याचे नाव कोरलेले असते. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्यांची नावे आपल्याकडच्या जुन्या बंदुकांवर आढळतात. ही अक्षरे म्हणजे आपल्या आजोबांच्या बंदुकीचा जन्मदाखला आहे, आणि ती मिलिमीटरच्या अंशाएवढ्या खोलीवर उभी आहेत.

इथे कायदाही आड येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे याला मनाई आहे, आणि असे चिन्ह पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ते पुसले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. बफच्या चाकाने क्रमांक अस्पष्ट झाला तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आपल्यालाच उत्तर द्यावे लागेल. शिवाय कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, आणि परवाना नसलेल्या कारखान्यात बंदूक ठेवून येणे म्हणजे ती विनापरवाना व्यक्तीच्या ताब्यात देणे होय. ओळखीच्या माणसाला आपण नकळत अडचणीत आणू. काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे. आपल्याला स्वतः जाणे शक्य नसेल, तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रासह दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी बंदूक नेता येते, अशी सोय कलम ३ मध्ये आहे.

आता काय करता येईल ते सांगतो. प्रथम नळीवरचा लाल गंज आणि जुनी तपकिरी छटा यांत फरक करावा. पांढऱ्या सुती कापडाला थोडे शिलाई मशीनचे तेल लावून डाग हलक्या हाताने पुसावा. कापडावर नारिंगी भुकटी आली तर गंज जिवंत आहे. कापड जवळपास स्वच्छ राहिले तर ती स्थिरावलेली छटा आहे आणि तिला हात लावण्याचे कारण नाही. जिवंत गंजावर तेच तेल लावून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तांब्याच्या बोथट पट्टीने, धातूवर दाब न देता, गंजाचा पापुद्रा उचलावा. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ते गंज काढते पण पोलाद ओरखडत नाही. उरलेल्या ब्ल्यूइंगवर कितीही बारीक असला तरी एमरी पेपर चालवू नये. स्टील वूलही नको, कारण तो रंग स्वतः लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आहे आणि गंजाबरोबर तोही निघून जातो. शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्यावा. हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून वस्तुसंग्रहालयांच्या वापरासाठी पुढे आले. ते आम्लधर्मी होत नाही आणि हवे तेव्हा काढून टाकता येते. एवढे केल्यावर बंदूक नवी दिसणार नाही, पण तिचा काळा रंग खोल वाटेल आणि पट्टे डोळ्यांत खुपणार नाहीत. माझ्या मते आपल्या बंदुकीला याहून अधिक काही नको.

यानंतरही नळ्यांचा रंग पुन्हा चढवायचाच असेल, तर तो मूळच्या पद्धतीने, म्हणजे ‘स्लो रस्ट ब्ल्यूइंग’ने चढवावा. त्यात नळ्या बफवर न घेता हाताने, लांबीच्या दिशेने घासतात. ठशांच्या जागा सोडून देतात. नळ्यांची तोंडे लाकडी बुचांनी बंद करून पृष्ठभाग तेलमुक्त करतात आणि सौम्य आम्लाचे द्रावण अगदी पातळ लावून दमट कपाटात नळ्या टांगतात. काही तासांनी त्यांवर बारीक, सारखा लाल गंज धरतो. मग त्या स्वच्छ पाण्यात उकळल्या की तो लाल गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो, आणि वरची सैल काजळी मऊ तारेच्या ब्रशने झाडली की खाली करडी छटा उरते. हे चक्र पुन्हा पुन्हा करत गेल्यावर ती करडी छटा गडद होत निळसर काळी होते. न उकळता तोच गंज राखला, तर जुन्या नळ्यांवर दिसणारा तपकिरी रंग मिळतो. इंग्लंडच्या कारागिरांना यासाठी मुद्दाम दमट कपाट करावे लागे. जुलै महिन्यात मुंबईची कुठलीही खोली तेच काम करते, पण तिथे गंज किती आणि कुठे धरायचा हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून इथल्या जाणकारानेही हे काम कोरड्या महिन्यांत, बंद कपाटातच करावे. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून महाग आहे, आणि ते घाईने करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नये.

नळ्यांवर वळणावळणांची नक्षी दिसत असेल तर त्या दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेल्या असू शकतात. ही नक्षी तपकिरी रंगामुळेच उठून दिसते. ती बफ करून काळी करणे म्हणजे त्या नळीचे मुख्य सौंदर्य पुसून टाकणे आहे. शिवाय अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. त्यांतून आजचे काडतूस कधीही उडवू नये, रंग कितीही चांगला असला तरी.

अ‍ॅक्शनवरची रंगांची सरमिसळ हा ब्ल्यूइंगचा प्रकार नव्हे. तो भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून लाल होईपर्यंत तापवतात आणि मग एकदम पाण्यात सोडतात. पृष्ठभाग कठीण होतो आणि त्याबरोबर हे रंग उमटतात. तो थर फार पातळ असल्याने हाताच्या घामाने आणि उन्हाने फिका होत जातो. पुन्हा तो आणायचा तर अ‍ॅक्शन पुन्हा लाल तापवावी लागेल, आणि त्यात ती किंचित वाकली तरी नळ्या नीट बसणार नाहीत. गॅसच्या ज्योतीने किंवा रसायनाने तसे रंग रंगवून देणारेही आहेत. तो निव्वळ देखावा असतो. चापाच्या कड्याखाली किंवा लाकडाच्या आत झाकलेल्या भागावर मूळचे रंग अजून शाबूत असतील. दुरुस्तीकाराने बंदूक कधी उघडली तर ते पाहून घ्यावेत आणि छायाचित्र काढून ठेवावे. बाहेरचे जे गेले ते तसेच राहू द्यावे.

प्रश्न : पांढऱ्या पडलेल्या ठिपक्यांवर लावण्यासाठी बाटलीतले ‘कोल्ड ब्ल्यू’ मिळते. ते घरी लावले तर चालेल का? — एक वाचक, अंधेरी

उत्तर : एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर चालेल, नळीवर नको. या द्रावणांत बहुधा सेलेनियमची आणि तांब्याची संयुगे असतात. ती पोलादावर एक काळी पुटी धरतात. ती मूळच्या ऑक्साइडच्या थरापेक्षा पातळ आणि कमकुवत असते, तिची छटा शेजारच्या रंगाशी जुळत नाही, आणि हात लागत गेला की ती लवकर जाते. ठिपका लपवायला जावे आणि त्याच्या जागी मोठा, वेगळ्या रंगाचा डाग व्हावा असे पुष्कळदा होते. सेलेनियमची संयुगे विषारी आहेत. हातमोजे आणि उघडी खिडकी यांशिवाय आणि मुलांच्या आसपास ती बाटली उघडू नये.

प्रश्न : आमच्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरातल्या बंदुकीची पूजा होते. हळद-कुंकू, गंध, झेंडूची फुले वाहतो, आणि पूजेनंतर वर्षभरासाठी खोबरेल तेल लावून ती ठेवून देतो. तरी नळीवर दरवर्षी नवे डाग दिसतात. सासूबाईंचे म्हणणे असे की तेल कमी पडते. — एक वाचिका, लालबाग

उत्तर : आपल्या सासूबाईंचा तेल लावण्याचा आग्रह योग्यच आहे, फक्त तेल बदलावे लागेल. खोबरेल किंवा कोणतेही खाद्य तेल हवेत राहिले की खवट होते, त्यात आम्ल तयार होते, आणि कालांतराने त्याची चिकट पिवळी पुटी बनते. ती पुटी धूळ आणि ओलावा धरून ठेवते. म्हणजे जास्त तेल लावल्याने डाग कमी होण्याऐवजी वाढतील. शिलाई मशीनचे तेल खनिज तेल आहे. ते खवट होत नाही. ते दोन-तीन थेंब कापडावर घेऊन पुसावे. ओतू नये, कारण ते दस्त्यात मुरले तर लाकूड काळे आणि मऊ पडते.

डागांचे दुसरे कारण पूजेतच आहे, आणि त्यासाठी पूजा सोडण्याची काहीच गरज नाही. ओले गंध आणि ओली फुले रात्रभर धातूवर राहिली की त्यांच्याखाली ओलावा अडकतो, आणि गंज नेमका टिळ्याच्या आकारात उठतो. पूजेच्या आदल्या दिवशी नळीला मेणाचा थर द्यावा. हळद-कुंकू कोरडे, बोटाच्या टोकाने लावावे. फुले नळीवर न ठेवता पाटावर, शस्त्राभोवती मांडावीत. संध्याकाळी आरती झाली की लगेच मऊ कोरड्या कापडाने सगळे पुसून, मग खनिज तेलाचा हात फिरवावा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. सध्या पडलेले खोबरेल तेलाचे पिवळे थर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने हळूहळू निघतील, मात्र ते दस्त्याच्या पॉलिश असलेल्या लाकडावर लावू नये.

याच संदर्भात एका वाचकांनी हिरड्याचा काढा लावून नळी काळी करता येईल का असे विचारले आहे. हिरड्यात टॅनिन भरपूर असते आणि टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळा पदार्थ बनवते, हे खरे आहे; संवर्धनशास्त्रात गंजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्ल वापरतातही. पण जमिनीतून निघालेल्या तोफगोळ्यावर जे शोभते ते चांगल्या नळीवर शोभेलच असे नाही. काढ्याने रंग डागाडागांचा येतो, आणि तो काढायचा तर खालचा मूळ रंगही घासावा लागतो.

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या आमच्या जुन्या घरातली ठासणीची लांब बंदूक मुंबईत आणून दिवाणखान्यात लावायची आहे. नळीवर बारीक सोनेरी वेलबुट्टी आहे, ती काळवंडली आहे. चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून उजळवावी का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : त्याआधी दोन गोष्टी. पहिली : या बंदुकीत जुना बार ठासलेला नाही ना, याची परवानाधारक दुरुस्तीकाराकडून खात्री करून घ्यावी. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत भिंतीवर टांगून ठेवल्याची आणि तशाच पुढच्या पिढीकडे आल्याची उदाहरणे आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिची ताकद काळाने जात नाही. तोपर्यंत तिला कुणी हात लावू नये, घोड्याशी खेळू नये. दुसरी : ती ‘जुनी’ आहे म्हणून परवाना नको, हा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धवट आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधली सवलत जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण दुरुस्ती करून अथवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. ‘दुरुस्ती करून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. थोड्या डागडुजीने जी चालू होईल ती सवलतीत बसत नाही. मुंबईत परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. बंदूक गावाहून हलवण्यापूर्वीच तिकडच्या आणि इकडच्या अधिकाऱ्यांना विचारून, उत्तर लेखी घ्यावे.

आता वेलबुट्टीकडे. ती बहुधा कोफ्तगरी असावी. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून त्यांवर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. सोने फार पातळ असते, आणि ते केवळ त्या खरखरीत पृष्ठभागाच्या पकडीवर टिकलेले असते. चिंचेतले आम्ल सोन्याला काही करणार नाही, पण सोन्याच्या खालचे पोलाद खाईल, आणि खालची पकड गेली की वरचे सोने पापुद्र्यासारखे उठेल. पावडरीने घासले तर ते त्याआधीच जाईल. सोने स्वतः काळवंडत नाही. जे काळे दिसते ती त्यावरची मळी आणि शेजारच्या पोलादाचा गंज आहे. सुती काडीला स्पिरिट लावून, एका वेळी नखाएवढी जागा, न घासता टिपत टिपत साफ करता येते, परंतु एवढ्या नाजूक कामाला मी वाचकांना स्वतः हात घालण्याचा सल्ला देणार नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणच्या धातूच्या संवर्धकाला आधी छायाचित्रे दाखवून सल्ला विचारावा. बंदूक शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुरावस्तू कायदा १९७२ लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशातल्या नातेवाइकांना सांगून ठेवावे.

प्रश्न : निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक परत आली तेव्हा नळीवर लाल गंज होता. तक्रार करून उपयोग झाला नाही. पुढच्या वेळी काय करावे? — एक वाचक, दादर

उत्तर : जमा करताना बंदुकीच्या अवस्थेची, क्रमांकासह, चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि पावतीवर ‘गंज नाही’ अशी नोंद करण्याची विनंती करावी. देण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून खनिज तेलाचा किंचित जाड थर द्यावा. चामड्याच्या किंवा कापडी म्यानात मात्र देऊ नये; चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार ओलाव्याबरोबर धातूवर उतरतात. परत आल्यावर त्याच दिवशी पहिल्या उत्तरातल्या रीतीने गंज काढावा. ताजा गंज वरवर असतो आणि खाली फारसा खड्डा न पाडता निघतो. महिनाभर ठेवला तर खड्डे पडतात, आणि खड्डा कोणत्याही रंगाने भरून निघत नाही.

प्रश्न : वडिलांच्या रिव्हॉल्व्हरवरचा निकेलचा मुलामा पोपडे धरून निघतो आहे. प्लेटिंगवाल्याकडून नवा मुलामा करून घेतला तर? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : परवाना नसलेल्या प्लेटिंगवाल्याकडे शस्त्र देता येणार नाही, हे वर आलेच आहे. तांत्रिक अडचणही आहे : जुना मुलामा उतरवताना आणि नवा चढवताना आम्लामुळे पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि स्प्रिंगसारखे कठीण पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकते. पोपड्यांच्या कडेने आत ओलावा जाऊ नये म्हणून मेण लावून तो आहे तिथे थांबवावा. निकेलच्या खाली पुष्कळदा तांब्याचा थर असतो, म्हणून अमोनिया असलेले कोणतेही पॉलिश किंवा नळी साफ करण्याचे द्रावण त्यावर लावू नये; ते चिरेतून आत जाऊन तांबे विरघळवते आणि पोपडे वाढतात.

प्रश्न : माझ्या बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडून चमकवून घेतला होता. आता तो प्लास्टिकसारखा दिसतो. मूळचे रूप परत आणता येईल का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : बऱ्याच अंशी येईल, आणि हे काम धातूच्या कामापेक्षा सुखाचे आहे. दस्ता दुरुस्तीकाराकडून सोडवून घ्यावा. झाकल्या जाणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब ठेवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचे पॉलिश आहे आणि स्पिरिटच्या बोळ्याने, रेषांच्या दिशेने, निघून येईल. काहीच झाले नाही तर ते मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) आहे. ते सौम्य पेंट रिमूव्हरने, हवेशीर जागी, काढावे. काचपेपर वापरायचा मोह टाळावा, कारण दस्ता जिथे धातूला भिडतो तिथे मूळ कारागिराने लाकूड धातूच्या पातळीला आणलेले असते. ते घासून खाली गेले की धातूची कड वर दिसू लागते आणि ते पुन्हा भरून येत नाही. पकडीच्या जागची चौकड्यांची नक्षी तर जुन्या मऊ टूथब्रशनेच साफ करावी.

लाकडाला खळगा पडला असेल आणि तंतू तुटले नसतील, तर त्यावर ओले कापड ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. अ‍ॅक्शनजवळचे लाकूड तेलाने काळे पडले असेल तर खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून त्याचा लेप द्यावा. वाळताना तो तेल शोषून घेतो. पुन्हा पुन्हा करावे लागेल.

मग जवसाचे तेल, ज्याला आपले रंगारी बेलतेल म्हणतात. इंग्लिश कारागीर त्यात अल्कॅनेटची मुळी भिजत घालून तेल लालसर करत आणि त्यामुळे अक्रोडाला तो ओळखीचा तांबूस उबदार रंग येई. आपल्याकडे मसाल्याच्या दुकानांत रतनजोत म्हणून जी मुळी मिळते ती याच कुळातल्या वनस्पतींची असते आणि तेलाला तसाच लाल रंग देते. आपल्याकडे हे सहज मिळत असूनही कुणी वापरत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. कोमट जवसाच्या तेलात तिचे तुकडे काही दिवस ठेवून, गाळून, तेल बोटाने अगदी थोडे लावावे, तळहाताने उष्णता येईपर्यंत चोळावे आणि उरलेले पुसून टाकावे. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. यासाठी नोव्हेंबर ते मे हाच काळ धरावा. पावसाळ्यात तेल वाळत नाही, चिकट राहते आणि त्यावर बुरशी धरते. एक गोष्ट विसरू नये : जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर वाळताना तापून आपोआप पेट घेऊ शकतात. ते पाण्यात भिजवून, मग उघड्यावर पसरून वाळवावेत आणि नंतरच टाकावेत.

प्रश्न : आम्ही समुद्राला लागून राहतो. सगळे नीट केल्यावर बंदूक ठेवावी कशी? — एक वाचक, वरळी

उत्तर : समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते, आणि क्लोराइडचा कण धातूवर बसला की तो तेलाच्या थराखालीही ओलावा ओढत राहतो. म्हणून तेल लावण्याआधी पुसणे महत्त्वाचे : प्रथम स्वच्छ पाण्याने किंचित ओलसर केलेले कापड, लगेच कोरडे कापड, मग स्पिरिट आणि शेवटी तेल किंवा मेण. हाच नियम नळीच्या आतही आहे. काळ्या दारूचे आणि जुन्या काडतुसांच्या टोप्यांचे अवशेष क्षारांचे असतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. केवळ तेल लावून ठेवलेल्या जुन्या नळ्या आतून खाल्लेल्या निघतात त्या यामुळे.

बंदूक कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसांपासून वेगळी ठेवावी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. आतले फोम किंवा जाड कापडाचे अस्तर काढून टाकावे आणि बंदूक मेण लावलेल्या लाकडी खाचेवर टेकवावी. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, पण त्या एकदा ठेवून विसरल्या तर निरुपयोगी होतात. रंग बदलणाऱ्या जातीचे दाणे घ्यावेत आणि ते बदलले की मंद ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवावेत. जून ते सप्टेंबरमध्ये आठवड्यातून एकदा कपाट उघडून नळीवरून कापड फिरवावे, आणि बंदूक पाहून झाल्यावर बोटांचे ठसे पुसल्याशिवाय ती आत ठेवू नये, कारण घामातही मीठ असते.